सहा कपांचा ट्रे

मुलगी बघायला आलेल्या बाईच्या हातात चहाचा ट्रे कोंबून कोणी पळतं का?

धोंडीबाईला हे कोणाला तरी विचारायचं होतं. पण विचारायला खोलीत कोणी उरलंच नव्हतं. सगळे अंगणात धावले होते आणि ती खुर्चीत बसली होती. मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये सहा कप.

एवढा वेळ सगळं रीतीने चाललं होतं. शेखरच्याच इको गाडीतून ती शहापूरकडून धसईजवळच्या या घरी आली होती. शेखर तिचा मुलगा. त्याची पहिली बायको सोडचिठ्ठी घेऊन गेली, हे धोंडीबाईने पहिल्याच निरोपात सांगून टाकलं होतं. लपवाछपवी तिला खपत नसे. ‘आमचं भांडं फुटकं हाय, ते फुटकंच दाखवतो,’ असं ती चारचौघांत म्हणायची. इकडची मुलगी रंजिता. नवरा अपघातात गेला त्याला तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही, असा निरोप होता. दोन्हीकडून दुसरेपणाचं. जुळायला काही अडचण नव्हती.

तिला खटकलं होतं ते एवढंच, की खिडकीच्या गजांतून पाच-सहा वर्षांची एक पोरगी सारखी आत बघत होती. बाहेर घमेलं उपडं घालून त्यावर चढली असावी.

“ती कोण गो?” धोंडीबाईने विचारलं होतं.

“आमची मनस्वी. माझीच पोरगी,” रंजिताची वहिनी मैना घाईने म्हणाली होती. “लय आगाव हाय. खेळ जा गो तिकडं!”

पोरगी हलली नव्हती. अजिबात वळण नाही पोरीला, धोंडीबाई मनात म्हणाली होती.

मग मैनाची मोरपिशी साडी नेसून रंजिता चहा घेऊन आली. हात थरथरला नाही, कप वाजले नाहीत. धोंडीबाईला ते आवडलं. पण मुलगी शेखरकडे बघेना, खाली जमिनीकडेही बघेना. तिचे डोळे खिडकीकडे होते. तेवढ्यात बाहेर घमेलं सरकल्याचा आवाज आला आणि काहीतरी धप्प पडलं. रंजिताने समोर दिसलेल्या हातांत ट्रे दिला आणि ती बाहेर पळाली. हात धोंडीबाईचे होते.

आता धोंडीबाई ट्रेसकट उठली आणि दारात आली.

पोरीच्या भुवईवर खोक पडली होती. जखम काही फार नव्हती, पण रक्त डोळ्यावरून गालावर आलं होतं. मैना दोन्ही हात पसरून वाकली होती. पोरगी त्या हातांना वळसा घालून गेली आणि रंजिताच्या कमरेला बिलगली. रंजिताने पदराचा बोळा करून जखमेवर दाबला.

“अगो, माझी साडी!” मैना ओरडली.

धोंडीबाईने एकदा मैनाकडे पाहिलं, एकदा रंजिताकडे.

पोरगी रडत नव्हती. नुसते हुंदके गिळत होती. “आत्या, मी नाय बोलले,” ती म्हणाली. “आत्या, मी पडले तरी नाय बोलले.”

“काय नाय बोललीस गो?” धोंडीबाईने विचारलं.

पोरीने ओठ घट्ट मिटले.

“कायतरी बडबडते मावशी, पोरच ती,” रंजिताचा भाऊ काळूराम मध्ये पडला. “मैना, तू हिला डॉक्टरकडं ने. एखादा टाका पडंल. रंजिता, तू आत चल. मावशी कवाच्या ताटकळल्यात.”

“मी कुठं ताटकळले? मी चहा वाटायला उभी हाय,” धोंडीबाई म्हणाली.

मैना पुढे आली. पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि रंजिताची साडी सोडली. आपणहून सोडली, एकेक बोट करून. घरात शिकवून ठेवल्यासारखी.

तेव्हा मात्र रंजिताने तिला उचलून कडेवर घेतलं.

“दादा, मीच जाते,” ती म्हणाली. मग ती दाराकडे वळली. आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. “मावशी, पोरगी माझी हाय. जुळत नसंल तर नका जुळवू. मला आधी हिला टाका घालून आणायचाय.”

काळूरामने मान खाली घातली. पोर हाय म्हटलं तर स्थळ दारातूनच परत जातं, असं काहीतरी तो पुटपुटला. शेखर गाडीची किल्ली हातात घेऊन आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. कपांतल्या चहावर साय धरली होती.

तीन मोठ्या माणसांनी मिळून आपल्याला फसवलं, हे धोंडीबाईला दिसत होतं. याच्या निम्म्या खोट्यावर तिने यापूर्वी दोन घरांतून पाणीही न घेता चपला घातल्या होत्या. तिने आताही चपला घातल्या. ट्रे काळूरामच्या हातात दिला.

“धर. आता सहाच्या सहा तूच पी.” मग ती मुलाकडे वळली. “बघतोस काय रे? गाडी काढ. धसईला डॉक्टरकडं जायचंय.”

गाडीत ती मागे बसली, रंजिताच्या शेजारी. पोरगी आईच्या मांडीवर होती, पण अजूनही ओठ मिटून धोंडीबाईकडे बघत होती. धोंडीबाईने स्वतःच्या पदराने तिच्या गालावरचं रक्त पुसलं.

“तुमच्या घरात दिलेल्या शब्दाला जागणारं माणूस एकच, नि ते एवढंसं,” ती रंजिताला म्हणाली. “आधी हिला तुला आई म्हणू दे. मंग तू मला म्हण.”