दुसरं टोक

“अहो, ऐकताय ना?”

घडीवाली हे इतकं हळू पुटपुटली की वाफेच्या आवाजात ते विरायला हवं होतं. पण चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण उभी होती, जिला सगळे रेडिओ म्हणत. तिचे कानही तिच्या तोंडासारखेच कायम चालू.

“कुणाला गं अहो? नवऱ्याला तर सरळ अरे म्हणतेस.”

“देवाला.”

रेडिओला असं हसू फुटलं की हातातलं टोक सुटून फरशीला लागलं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्याचा नियम सोपा आहे. फरशीला लागलेली चादर परत धुवायला जाते. घडीवालीने ती मळक्या ढिगावर फेकली आणि दुसरी उचलली.

“चर्चच्या पाळकांनी ऐकलं तर काय म्हणतील? अगं, देवाला तू म्हणायचं. सगळी मंडळी तूच म्हणते.”

“मला माहीत आहे.”

“मग अडतंय कुठं?”

“बापाला मी जन्मात कधी तू म्हटलं नाही.”

झटका. ताण. चालत जवळ. टोकाला टोक. दोघी समोरासमोर आल्या, मागे सरल्या, पुन्हा जवळ आल्या. घडीवालीचं डावं कोपर पुरतं सरळ होत नसे. त्यामुळे तिच्या बाजूची चादर वीतभर खाली झुकायची आणि रेडिओ न सांगता सावरून घ्यायची.

“तुझा म्हातारा बाप आज सुटतोय म्हणे,” रेडिओ म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून.”

“तीन वाजता.”

“आणि नेणार कोण?”

“मी.”

“भाऊ?”

“त्यांनी हात झटकले.”

रेडिओने त्या कोपराकडे बघितलं. “ज्यानं ते मोडलं, त्यालाच घरी नेऊन भरवणार. तू बाई आहेस की पायपुसणं?”

घडीवालीने पुढची चादर उचलली. गेले सहा महिने ती कामाच्या अर्धा तास आधी येत होती. कपड्यांच्या कोठीत, दोन मांडण्यांच्या मधे, प्रार्थनेला बसत होती. तोंडातून ‘बापा’ निघालं की तिचा खांदा आपोआप कानाला जाऊन चिकटायचा, फटका चुकवायला. तो खाली यायची वाट बघायची आणि पुन्हा सुरू करायची. एक दिवस चुकवला नव्हता. मंडळीत गोड प्रार्थना करणारे पैशाला पासरी होते. देवापर्यंत पोचलं की नाही याची त्यांना फिकीर नसे, पुढच्या बाकापर्यंत पोचलं की झालं. पाळकबाईंनी तिला समजावलं होतं, मनात भाव असला की शब्द येतात. घडीवाली म्हणाली होती, “भाव आहे हो. मधे कोपर येतं.”

लिफ्टकडून हाक आली. वॉर्डात कपडे न्यायची गाडी अडकली होती. रेडिओ टोक टेबलावर टाकून तिकडे पळाली.

तीनला दहा मिनिटं कमी होती. घडीवाली आपल्या बाजूची दोन टोकं धरून तशीच उभी राहिली. एवढी मोठी चादर एकटीला घडी होत नाही.

“अहो,” तिने सुरुवात केली. खांदा वर गेला. तिने तो जाऊ दिला, पण थांबली नाही.

“आता मी वर जाणार. त्यांना खुर्चीत बसवणार. घरी नेऊन आंघोळ घालणार. ते शिव्या देतील, त्या ऐकणार. माया वगैरे काही नाही, खोटं कशाला बोलू. पण ते कुठंतरी सडावेत असंही मला नकोय. एवढंच आहे माझ्याकडे. आणि हे माझ्या एकटीनं होणार नाही. हात सरळ होत नाही माझा, तुम्हाला माहीत आहे. तो मोडला तेव्हा तुम्ही तिथं होतात. पाळक म्हणतात तुम्ही सगळीकडे असता. म्हणजे होतात ना तिथं?”

वाफेचा पाइप फुसफुसत राहिला.

“होतास ना?”

ते एकेरी तिच्या तोंडून निघून गेलं. तिने डोळे गच्च मिटले. खांदा कानाला, मान आत, चादर मुठीत. नऊ वर्षांची असताना उभी राहायची तशी ती उभी राहिली आणि वाट बघितली.

फटका आला नाही.

तिने एक डोळा उघडला. टेबल होतं, चादर होती, मळका ढीग होता. खांदा हळूहळू खाली आला.

“होतास,” ती म्हणाली, या वेळी मोठ्याने. “मग नुसता बघत का राहिलास, ते मी विचारणार आहे. रोज विचारणार आहे. उत्तर मिळेपर्यंत तुला सोडणार नाही, तूही जाऊ नकोस. पण ते उद्या. आज आधी हे धर.”

“कुणाला दम देतेस?” रेडिओ दारात उभी होती. किती वेळची, देव जाणे. “झाली गाडी मोकळी. आण, मी धरते.”

ती टेबलाशी गेली आणि पलीकडच्या टोकाला हात घातला.

“ते राहू दे.”

“अगं, एकटी कशी करशील?”

घडीवालीच्या बाजूची चादर नेहमीसारखीच वीतभर झुकलेली होती. तिने ती ताणली.

“ते टोक धरलंय,” ती म्हणाली. “तू पुढची काढ.”