आठवी पाकळी

हॉर्टनच्या नौदल तळावर समुद्रविमानाचं इंजिन ओडवार सांभाळायचा, आकाश मात्र लेफ्टनंटसाहेबांचं. साहेबांचे बूट भिजू नयेत म्हणून उथळ पाण्यातून विमानापर्यंत त्यांना पाठुंगळी नेण्याचा मानही ओडवारचाच. आज साहेबांनी त्याच्या गळ्यात टाकलेल्या हातांत नवे लोकरी हातमोजे होते. "उबदार आहेत ना रे? कुणी विणले विचारू नकोस हं!" ओडवारच्या हनुवटीखाली पांढरं विणलेलं फूल आलं. सगळ्या नॉर्वेत या फुलाला आठ पाकळ्या विणतात. फक्त त्याच्या बायकोची मोजणी दर वेळी सातावर संपते. तो तिच्याकडे गेल्या हिवाळ्यापासून हातमोजे मागत होता. "लोकर संपलीय," एवढंच ती म्हणायची. मांडीएवढ्या गार पाण्यात ओडवार थांबला. "काय रे घोड्या, दमलास?" "नाही साहेब, पाकळ्या मोजतोय." "मग, किती भरल्या?" "एक कमी," म्हणत त्यानं साहेबांचे कोरडे बूट पाण्यात सोडले.