बन्सीची खोली

तानुबाईंच्या चपला दारात वाजल्या तेव्हा बन्सी स्टोव्हला पंप मारत होता. त्याने स्टोव्ह विझवला, उठून मोरीत गेला आणि पडदा ओढून घेतला.

"बन्सीदादा, अहो, घरमालकीण आल्यात. त्यांनाच तर चहा द्यायचाय," स्वप्नाली म्हणाली.

दौंडात पीसीओच्या मागे ही खोली होती. मतिमंद पोरं मोठी झाली की त्यांना आश्रमात न टाकता गावातच, स्वतःच्या खोलीत राहू द्यायचं आणि लागेल तेवढीच मदत करायची, हे स्वप्नालीच्या संस्थेचं काम. बन्सीने तिशी ओलांडली होती. जवळच्या डेअरीत कॅन धुवायचं काम त्याला लागलं होतं. स्टोव्ह, कुलूप, बाजार, सगळं तिने शिकवलं होतं. आज तानुबाई त्याला बघून काय ते सांगणार होत्या. हो म्हणाल्या तर खोली त्याची. नाही तर पुन्हा खुटबाव, बापाची वस्ती.

बाप भिंतीला टेकून बसला होता.

"काय ओ रखमाजीबाबा," तानुबाईंनी विचारलं, "ह्यो दडून का बसला? माणसाला भितो का काय?"

बन्सी भीत नव्हता, हे रखमाजीला माहीत होतं. थोरल्या लेकीला, अंकिताला बघायला मांडवगण फराट्याची मंडळी आली होती, तेव्हा असला भाऊ दिसला तर सोयरीक मोडेल म्हणून रखमाजीनेच त्याला मेंढरांच्या वाड्यात बसवलं होतं. हातावर गुळाचा खडा ठेवला होता. धाकटीच्या वेळीही तेच. मग सांगावंही लागेना. अंगणात परकं पाऊल वाजलं की बन्सी आपण होऊन उठायचा. किती शहाणं लेकरू, असं तेव्हा घरात सगळे म्हणायचे.

एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. तानुबाई काही वाईट बाई नव्हती. पण परक्या बाईपुढे, त्या शिकवणाऱ्या पोरीपुढे, ते तोंडातून निघेना.

"ल्हानपणापासनं भित्राच हाय," रखमाजी म्हणाला.

"मग अवघड हाय, बाबा. उद्या मीटर बघायला कुणी आलं, शेजारपाजारचं कुणी आलं, आन् ह्यो आत दडला म्हंजी? एकट्या माणसाला दार तर उघडाया पायजे का न्हाई?"

स्वप्नालीने आठवडाभराची मुदत मागितली. तानुबाई म्हणाल्या, रेल्वेतले एक गृहस्थ कधीचे खोली मागतायत, त्यांना किती दिवस थांबवू. त्या निघाल्या तशी स्वप्नाली बोलत बोलत त्यांच्यामागे गल्लीत गेली. रखमाजी जागचा हलला नाही.

पावलांचा आवाज लांब गेला तसा पडदा सरकला. बन्सी बाहेर आला. रॉकेलच्या धुराने त्याचे डोळे लाल झाले होते आणि कपाळावरून घाम निथळत होता. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याचं तोंड हसण्याने भरून गेलं.

"आबा, खोकला आलता," तो म्हणाला. "दाबला म्या."