मालक घरी नाहीत

“मालक कुठं आहेत?” सायकल भिंतीला टेकवत महादेवरावांनी विचारलं. ते पालिकेचे घरपट्टीचे साहेब.

कांता ओसरी सारवत होती. शेणाचे हात तिनं तसेच वर धरले. “मालक नागपूरले आहे, साहेब. गिरणीत. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येते, इतवारी परत जाते.”

साहेबांच्या मागं उभ्या असलेल्या हिरालालला आतून गुदगुल्या झाल्या. बाईनं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. आता त्याला तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

वर्ध्याच्या कडेला, बोरगावच्या अंगानं, नवी वस्ती पडत होती. साल अठ्ठावन्न. इकडं कुणी फिरकेना म्हणून पालिकेनं दवंडी पिटली होती की सवलतीत प्लॉट घ्या, घर बांधा, पाच वर्षं घरपट्टी माफ. अट एकच. मालकानं स्वतः त्या घरात राहायचं. नाही राहिला तर माफी जाणार, आणि प्लॉटही पालिका परत घेणार.

कोपऱ्यावरचा हा प्लॉट हिरालालच्या सरकीच्या गोदामाला अगदी लागून होता. तो आपलाच, असं हिरालाल धरून चालला होता. आणि आलं कोण, तर हे लोक. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन नवा धर्म घेतलेले. उद्या एकाच विहिरीवर यांची बादली आणि आपली बादली, या विचारानं त्याचं जेवणावरचं मन उडालं होतं.

तेव्हापासून त्याचा एक डोळा सरकीवर आणि एक या घरावर. विटांची बैलबंडी आली तेव्हा कांताच पुढं. गवंड्याशी भाव करायला कांता, भिंतीवर पाणी मारायला कांता. रोज ती डबा घेऊन कुठंशी निघून जायची. असेल कुणाच्या बंगल्यात भांडी घासत, असं त्यानं ठरवून टाकलं. दोरीवर तिची पांढरी पातळं वाळत. ते नव्या धर्माचं खूळ, हेही त्यानंच ठरवलं. तिच्याशी एक शब्द तो कधी बोलला नव्हता, पण तिच्याबद्दल सगळं ठाऊक असल्यासारखा वागायचा. नवरा फक्त शनिवारी दिसतो हे ध्यानात आलं, आणि त्यानं पालिकेत अर्ज ठोकला.

“बाई,” महादेवराव म्हणाले, “मालक इथं राहत नाहीत असा अर्ज आलाय. कचेरीतून मला प्लॉटचा नंबर आणि तुमचं आडनाव तेवढं दिलंय. चौकशी करणं भाग आहे. अर्ज खरा निघाला तर घर सोडावं लागेल.”

कांताचा चेहरा उतरला. या भिंतींना तिनं स्वतःच्या हातांनी गिलावा केला होता. तिनं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा हिरालालकडं.

“घराच्या मालकानं इथं राह्यलं पायजे, एवढंच ना साहेब?”

“एवढंच.”

ती उठून बादलीकडं गेली. मग हात धुऊन, पदराला पुसत म्हणाली, “मी सांगतलं त कोनाले पटन? बाईमानसाचं बोलनं. आज शनिवारच आहे. आमचे मालक संध्याकाळी येतेच. ते सांगतीन ते खरं धरा. बसा.”

“मी बी बसतो,” हिरालाल म्हणाला. “इन्साफ डोळ्यांनी पाह्यला पायजे.”

कांतानं चहा आणला. साहेबांनी घेतला. “मी आत्ताच घेतला,” असं म्हणून हिरालालनं तोंड फिरवलं आणि मनातले मांडे खायला लागला. ओसरी पाडायची. इथून गोदामाचं नवं दार काढायचं. विहीर आपल्याकडं घ्यायची. मजा आली त्याला, खरंच मजा आली.

ऊन कललं. गाडीची शिट्टी झाली आणि जरा वेळानं कांताचा नवरा श्रावण खांद्यावर पिशवी टाकून वस्तीत शिरला. कांता आत गेली.

“जय भीम, साहेब. काय झालं?”

महादेवरावांनी अर्जाचं सांगितलं. “आता खरं बोला. तुम्ही या घरात राहता?”

“नाई साहेब. मी नागपूरले राह्यतो. गिरणीच्या चाळीत.”

“अन् इथं?”

“इथं पाव्हण्यासारखा. एक रात्र.”

“ऐकलं ना साहेब?” हिरालालला आता दम धरवेना. “खुद्द मालकाच्या तोंडून आलं. लिहून घ्या.”

महादेवरावांनी नाइलाजानं खिशातला पेन काढला.

तेवढ्यात कांता बाहेर आली. दोरीवरचं तेच पांढरं पातळ, कडक इस्त्रीचं. छातीवर पिनेनं अडकवलेलं घड्याळ. हिरालालनं ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

“निघाली का?” श्रावणनं विचारलं.

“हो. आज रातपाळी आहे वार्डात. पन पह्यले साहेबाईले सांगा, तुमी मालक आहा का नाई.”

श्रावण हसला. “आहो ना. हिचा मालक आहो मी, साहेब.” मग त्यानं पायातल्या वहाणा ओसरीखाली काढल्या, सारवण ओलं आहे का ते बोटानं पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला विचारलं, “नर्सबाई, घर तुमच्या पगाराचं, तुमच्या नावाचं. पाव्हणा आत येऊ का?”