कप्तान की पृथ्वी

दुबईहून लेकाने पाठवलेल्या कॉम्प्युटरवर त्याची मुलगी निदा सुट्टीभर एकच खेळ खेळत होती, आणि सईदा दादी मांदेली साफ करता करता तो बघत होती. खेळातला कप्तान आपलं यान घेऊन आभाळभर लढत फिरायचा. एव्हाना तो दादीला घरातलाच वाटू लागला होता. एवढी धावपळ करणारा पोरगा जेवतो तरी कधी, हीच तिची काळजी.

आज खेळ शेवटाला आला आणि निदाचा हात थांबला.

"दादी, हे बटण दाबलं तर कप्तान मरतो आणि पृथ्वी वाचते. ते दाबलं तर कप्तान वाचतो, पण पृथ्वी फुटते. काय करू?"

"पोराला मारतेस? त्याच्या आईला काय तोंड दाखवशील?"

"त्याची आईपण पृथ्वीवरच आहे गो!"

दादीने हातातली मांदेली खाली ठेवली. "सगळी पृथ्वी? रत्नागिरीसकट?"

"सकट."

"आणि पाली?"

"पालीपण जाणार."

पालीला दादीची नणंद हलीमा राहायची. सामाईक फणसावरून भांडण झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दादीने हात धुतले, पदराला पुसले आणि फोन जवळ ओढला.

निदाला गहिवरून आलं. "दादी, हलीमाफुफीची माफी मागतेस?"

"माफी कसली?" नंबर फिरवत दादी म्हणाली. "त्या दिवशी माझं बोलणं अर्धं राहिलं होतं. तेवढं पुरं करते, मग खुशाल फोड."