पलंगावर झोप, आई

दुपारी जमिनीवर चटई टाकून पडायची गिरिजाबाईंची सवय रत्नागिरीपासूनची. पण भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आई एकटी असते म्हणून निकेतने छताला सेन्सर बसवले, आणि त्या चटईवर आडव्या झाल्या की तिकडे पुण्यात त्याचा मोबाइल बोंबलायचा, आई पडली म्हणून. शेवटी त्याने हात जोडले. तेव्हापासून त्या निमूट पलंगावर झोपत होत्या. चटई गुंडाळून दाराआड उभी केलेली होती.

आज दुपारी त्याचा फोन आला. "आई, परत हॉलमध्ये खाली झोपलीस ना?"

"नाही रे, पलंगावरच आहे."

"मग मोबाइल काय खोटं बोलतोय? जमिनीवर दाखवतोय तुला."

फोन कानाला लावूनच त्या उठल्या. हॉलमध्ये कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. चटई मात्र पंख्याखाली अंथरलेली होती.

त्यांनी वाकून हात लावला. चटईला अंगाची ऊब होती.

"निकेत..."

"हां, आता कसं! गेलीस ना पलंगावर? झोप आता." तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

आतल्या खोलीत पलंग करकरला, कुणी कूस बदलावी तसा.