पाणवठ्यावरचे फास

तारेच्या फासात मान अडकलेली हरणी पाय झाडत होती. नवऱ्यानं कुऱ्हाड उगारली, तशी पाठीशी लेक बांधलेली कौतिका आडवी आली.

"थांबा! दुधाची आहे ती. दुधाचीला सोडायची रीत आहे ना आपली?"

"सरकारी जंगलात पाच गावांचे फास लागलेत. हरणं उरलीत किती? आता कसली रीत?"

तिनं ऐकलं नाही. तार सोडवताना लाथ बसली, ओठ फाटला. पण हरणी सुटली. वीस पावलांवर पलीकडच्या गावच्या फासात सापडून कोसळली. तिथल्या गड्यांनी दोन घावांत मुंडकं उतरवलं.

"उपकार झाले, वैनी!" रक्ताळले हात उंचावत एकजण हसला.

झुडपात हरणीचं पाडस ओरडलं. कौतिकानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि नवऱ्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली. "हे तरी आपलं," म्हणत तिनं झुडपात शिरून पाडसावर पहिला घाव घातला.